आठवी खूण

हे खरं घडलेलं आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मला वाईट वाटणार नाही.

एक मात्र आधीच सांगतो. यात रात्र नाही. अमावस्या नाही, झाडावरून पाय सोडून बसलेली बाई नाही. भर दुपारचे बारा वाजत आले होते आणि ऊन असं, की गाडीच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. तारीख ४ ऑक्टोबर २००४, वार सोमवार. जागा म्हणाल तर इजिप्तमधल्या आमच्या बहारियाच्या नैर्ऋत्येला, डांबरी रस्ता सोडला की गाडीने पाच तास आत.

वाळवंटात असलं काही भेटतं ते दुपारीच भेटतं. रात्री निदान तारे तरी असतात सोबतीला.

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा सख्खा मेहुणा. मबरूक. माझ्या बायकोचा, नज्वाचा, मोठा भाऊ. त्याच्यासोबत त्या दिवशी माझ्या सासूबाई होत्या, नईमा. दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं. दोघांच्या सांगण्यात तिळाएवढा फरक नव्हता.

आम्ही सगळे ड्रायव्हर. परदेशी पाहुण्यांना गाडीत घालून वाळवंट दाखवायचं, रात्री शेकोटी, काळा चहा, सकाळी परत. धंदा एकच, गाड्या पंधरा. त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने न पाहिलेली जागा आपल्याला सापडावी.

ती सापडली मबरूकला.

१९९६ साली. एका पाहुण्याला सोडून रिकामा परतताना त्याला वाटेबाहेर एक खूण दिसली. खूण म्हणजे गुडघ्याएवढी दगडांची उतरंड. जुन्या उंटवाल्यांनी लावलेल्या असतात, अशा शेकडो आहेत. पण ही त्याने कधी पाहिली नव्हती. तिथून दुसरी दिसली. दुसरीवरून तिसरी. हा पठ्ठ्या, वाळूत रुतू नये म्हणून टायरची हवा कमी करून, खुणांमागे निघाला. काळ्या टेकड्या ओलांडल्या, एक पांढरा कडा आला. कड्याला वळसा घातला...

आणि समोर खजुराची सात झाडं!

कुणी कधी न छाटलेली. झावळ्या पार जमिनीपर्यंत लोंबलेल्या. बुडाशी पाणी, अंगणाएवढं, स्वच्छ, गोड. काठावर शेपटी हलवणारा एक पिवळा पक्षी. ना वस्ती, ना टायरचा माग, ना सिगारेटचं थोटूक. मबरूक गाडीतून उतरला, गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला आणि लहान पोरासारखा रडला. हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना लाजला.

तो जागा दाखवायला आमच्यातल्या एकालाच घेऊन गेला. धाकट्या भावाला. लुत्फीला.

लुत्फी म्हणजे काय सांगू! हसरा, थोडा वेंधळा, गाडी चालवताना गाणारा. दादा म्हणेल ती पूर्वदिशा. मबरूकने त्याला बजावून ठेवलं होतं, "लुत्फ्या, कुणाला सांगायचं नाही. आणि कधी एकटा आलास तर खुणा धर. बाकी काही बघू नको. माणूस खोटं बोलेल, खूण बोलत नाही."

पुढे लुत्फी सैन्यातल्या नोकरीवर गेला, दोन वर्षं.

आणि इकडे मबरूकला भीतीने घेरलं. उवैस नावाचा आमच्यातलाच एक ड्रायव्हर त्याच्या मागावर राहायला लागला होता. "काय रे, कुठे गायब होतोस? आम्हालाही दाखव की तुझी सासुरवाडी," असं चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर चिडवायचा. झऱ्याची जागा फुटणार, तिथे पंधरा गाड्या येणार, प्लॅस्टिकच्या बाटल्या पडणार, हे मबरूकला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

मग त्याने ते केलं.

आमच्यात एक नियम आहे. कुणी लिहिलेला नाही, पण चोरसुद्धा पाळतो. खूण पडलेली दिसली तर उभी करायची. उभी दिसली तर वर एक दगड ठेवून पुढे जायचं. खूण पाडायची नाही. खूण पाडणारा आणि विहिरीत विष टाकणारा एकच.

मबरूकने काळ्या टेकड्यांच्या पुढच्या, पांढऱ्या कड्याकडे जाणाऱ्या खुणा पाडल्या. नुसत्या पाडल्या नाहीत. तेच दगड गाडीत घालून उजवीकडे नेले आणि तिथे सात नव्या खुणा लावल्या. मऊ वाळूच्या डोंगरांकडे जाणाऱ्या. उवैस आलाच तर जाईल तिकडे, रुतेल, शिव्या देत परत येईल. त्याच्याकडे चांगली गाडी होती, रुतलेली चाकं काढायच्या फळ्या होत्या, बिनतारी यंत्र होतं. एवढाच हिशेब.

स्वतःला त्या खुणांची गरजच उरली नव्हती. त्याला एव्हाना मिठाच्या सपाटीवरून दुसरी वाट सापडली होती.

लुत्फी परत आला तेव्हा त्याला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, सांगायची लाज वाटली.

एप्रिल १९९९. खमसीनचे दिवस. तो वारा सुटला की घरात बसूनही दातांखाली वाळू येते. मबरूक चार इटालियन पाहुण्यांना घेऊन झऱ्यावर गेला होता, त्यांना आणखी एक रात्र राहायचं होतं. म्हणून हा एक दिवस उशिरा. घरी निरोप द्यायची सोय नाही.

सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. लुत्फी दुपारचा जेवत होता. त्या त्याच्यावर खेकसल्या, "भाऊ तिकडे अडकलाय आणि तुला भाकरी गोड लागते? ऊठ! त्याला आणल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस!"

पोरगा अर्धी भाकरी टाकून उठला. "आणतो गं आई, ओरडू नको," म्हणाला. जुनी रशियन जीप काढली आणि गेला.

रात्री आठ वाजता मबरूक घरी पोचला. मिठाच्या सपाटीवरून. हसत, पाहुण्यांनी दिलेली चॉकलेटं घेऊन.

"लुत्फी कुठाय?" म्हणाला.

"तुला शोधायला गेलाय. भेटला नाही वाटेत?"

त्याच्या तोंडाकडे मी तेव्हा बघायला हवं होतं. मी तिथेच होतो. बघितलं नाही.

सकाळी आम्ही नऊ गाड्या निघालो. मी विचारलं, "मबरूक, तुझी ती जागा कुठल्या अंगाला? तो तिकडेच गेला असणार." तो म्हणाला, "तिकडे मी बघतो, दाजी. तुम्ही सगळे पश्चिमेला जा. वाऱ्यात तो पश्चिमेलाच भरकटला असेल."

आम्ही ऐकलं. सख्खा भाऊ सांगतोय, कोण शंका घेणार? तीन दिवस मी पश्चिमेला वाळू चाळत फिरलो. तिकडे काही नव्हतं, आणि मबरूकला ते माहीत होतं. आम्ही त्याच्यासोबत गेलो असतो तर हलवलेल्या खुणा दिसल्या असत्या. एवढ्यासाठी नऊ गाड्यांच्या जागी एकच गाडी फिरली, आणि तीही एका माणसाची. वर पहिल्याच दिवशी त्याने त्या सातही खुणा पाडून दगड विखरून टाकले, कुणी बघू नये म्हणून.

चौथ्या दिवशी वारा पडला, धूळ बसली, तेव्हा त्याला जीप मिळाली. मऊ वाळूत, चाकं पूर्ण गाडलेली. पाणी संपलेलं. ब्रेकखाली लुत्फीची डाव्या पायाची चप्पल अडकलेली.

लुत्फी नव्हता. वाऱ्याने माग पुसला होता. कधीच सापडला नाही.

हे सगळं आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं, की सासूबाई स्वतःला जाळत होत्या. "मी पाठवला. या जिभेने खाल्लं माझ्या लेकराला." पाच वर्षं. जेवताना, झोपताना, दारात बसून खजूर निवडताना. आणि मबरूक समोर बसून म्हणायचा, "असं बोलू नये, आई. नशीब असतं." म्हणायचा आणि खाली मान घालून जेवायचा.

२००४ मध्ये सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. कैरोच्या डॉक्टरने घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ त्यांनाही कळला. घरी आल्या त्याच दिवशी त्यांनी मबरूकला बोलावलं.

"मला तिकडे ने."

"कुठे?"

"जिथे त्याची गाडी सापडली तिथे."

"आई, काय आहे तिकडे? वाळू आहे."

"त्याला सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"तू घरी आलास ते. तो निघून गेला आणि तू आलास. त्याला कुणी सांगितलंच नाही रे. अजून शोधत असेल तुला."

मबरूक उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं, आईची अवस्था बघवत नाही म्हणून.

मी म्हटलं, "सासूबाई, तुम्हाला गाडी लागते. पाच तास कशा बसाल?"

"तुझ्या गाडीत लागते. तू गाडी चालवत नाहीस, खलबत्ता कुटतोस. माझा मबरूक नीट नेतो."

त्या आजारातही बाईची जीभ शाबूत होती. त्या जिभेलाच त्या शाप देत होत्या.

तर सोमवारी पहाटेची नमाज झाली आणि दोघं निघाले. सोबत भाकरी, खजूर, पाण्याचे कॅन. सासूबाईंनी घरच्या माठातलं पाणी एका बाटलीत वेगळं घेतलं होतं. ती बाटली त्यांनी पूर्ण वाट मांडीवर धरून ठेवली.

मबरूकने ठरवलं होतं की मिठाच्या सपाटीवरून न्यायचं. झरा दाखवायचा, गाडी इथेच सापडली म्हणून सांगायचं, परत आणायचं. आईला काय कळतंय? पण सासूबाई म्हणाल्या, "तो ज्या वाटेने गेला त्या वाटेने ने."

"ती खडबडीत आहे, आई. तुझी हाडं निखळतील."

"राहिलीत किती! चल."

डांबरी रस्ता सुटला. टायरची हवा कमी केली. दगडधोंड्यांतून गाडी आदळत, आपटत चालली. सासूबाई कण्हत होत्या, पण थांब म्हणाल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, "लुत्फी इथून गात गेला असेल."

मबरूकने गिअर बदलला.

दहाच्या सुमारास काळ्या टेकड्या संपल्या. पुढे सपाट माळ. डावीकडे लांब पांढरा कडा. उजवीकडे वाळूचे पिवळे डोंगर.

मबरूकने गाडीचा वेग कमी केला...

समोर खूण उभी होती.

त्याने स्वतःच्या हातांनी पाडून विखरून टाकलेली. पहिली. आता उभी. गुडघ्याएवढी, नीट, एकावर एक.

उवैस, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, आपला भ्रम. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसंच काहीतरी.

तो उतरला. जवळ गेला.

आमच्याकडच्या दगडाची एक गंमत आहे. वर्षानुवर्षं उन्हात पडलेला दगड वरून काळा होतो, खालून फिकाच राहतो. हलवला की कळतं. या खुणेतल्या काही दगडांची फिकी बाजू वर आली होती आणि त्यावर धुळीचा कणसुद्धा नव्हता. म्हणजे खूण आजची होती. फार तर कालची.

आणि मग त्याला खाली वाळूत दिसलं...

पावलं.

उजवं पाऊल चपलेचं. डावं अनवाणी.

पावलं खुणेपर्यंत येत होती. तिथून पुढे जात होती, उजवीकडे. माळावर दुसरं काही नव्हतं. टायरचा माग नाही, उंटाचा नाही. माशी नाही. एरवी गाडी थांबली की दहा माश्या तोंडावर येतात. त्या दिवशी एकही नाही.

मबरूकने पायाने ती पावलं पुसली. तेवढ्यात गाडीतून आवाज आला, "पुसू नकोस. मी बघितली."

तो येऊन गाडीत बसला.

सासूबाईंनी डावीकडे बोट केलं. "पांढरा कडा तो ना?"

"हो."

"झरा त्याच्या मागे. तू लुत्फीला सांगताना मी ऐकलंय."

"हो, आई."

"मग खुणा उजवीकडे का चालल्यात?"

मबरूकने किल्लीला हात घातला.

"मबरूक. तुला विचारतेय मी. उंटवाले काय वेडे होते, पाणी डावीकडे आणि खुणा उजवीकडे लावायला?"

तेव्हा...

टक्.

लांबून. वाळूच्या डोंगरांच्या बाजूने. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज.

थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा.

टक्.

"त्या मी लावल्या होत्या, आई," मबरूक म्हणाला.

आणि त्याने सगळं सांगितलं. स्टिअरिंगवर डोकं टेकवून. उवैसचं, दगडांचं, लुत्फीला न सांगितल्याचं, नऊ गाड्या पश्चिमेला धाडल्याचं. सांगताना मधून मधून तो आवाज येतच होता. टक्. टक्. कुणी घाई न करता काम करत असावं तसा.

तो थांबला. मग सासूबाई म्हणाल्या,

"पाच वर्षं मी ही जीभ छाटून टाकावी म्हणत होते. आणि तू माझ्यासमोर बसून भाकरी खात होतास."

"आई..."

"मी त्याला पाठवलं ते पाठवलंच. पण तो परत आला असता रे. परत आला असता माझा लुत्फी."

त्यांनी दार उघडलं आणि उतरल्या. एरवी दोन माणसं लागायची त्यांना उठवायला. पाण्याची बाटली छातीशी धरली आणि खुणांच्या बाजूने चालायला लागल्या.

मबरूक मागे धावला. "आई, ऊन आहे! गाडीने जाऊ!"

त्या वळल्या. "लांबून ये. जवळ येऊ नकोस माझ्या."

मग तो शंभर पावलं अंतर ठेवून चालला. दुसरी खूण. तिसरी. प्रत्येक ठिकाणी सासूबाई वाकायच्या, वर एक दगड ठेवायच्या, पुढे जायच्या. खोट्या वाटेच्या खुणा होत्या त्या, पण आता धाकट्या लेकाने उभ्या केलेल्या होत्या. पाचवी. सहावी.

सातवी वाळूच्या पहिल्या चढावर होती. त्याने लावलेली शेवटची. तिथेच थोडं पुढे त्याला जीप मिळाली होती.

आवाज थांबला.

सासूबाई सातवीपाशी थांबल्या नाहीत. चढ चढून पलीकडे उतरल्या. मबरूक धापा टाकत माथ्यावर पोचला आणि खाली बघितलं...

खोलगटात आठवी खूण होती.

आठवी त्याने कधी लावलीच नव्हती.

तिच्यापुढे नववी. दहावी. एका रांगेत, वाळूच्या डोंगरांत आत आत गेलेल्या. तिथे वाळूत दगड औषधालाही मिळत नाही. प्रत्येक दगड माळावरून उचलून आणलेला. किती खेपा, देव जाणे.

आठव्या खुणेपाशी सासूबाई बसल्या होत्या. एकट्या. बाटलीतलं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं होतं आणि ओंजळ समोर धरली होती.

वरून शब्द ऐकू येत नव्हते, पण आवाज येत होता. सासूबाईंचाच. त्या बोलत होत्या. थांबत होत्या. मान हलवत होत्या. पुन्हा बोलत होत्या. मध्येच हुंदका. समोर कुणी नव्हतं. मबरूक शपथ घेऊन सांगतो, वाळू आणि ऊन याशिवाय काही नव्हतं. दुपारच्या त्या वेळी सावली पायाखाली येते. आईची सावली तिच्या पायाशी होती. तिच्यासमोर, हातभर अंतरावर, तेवढीच आणखी एक होती.

आणि मग सासूबाईंनी हात वर केला आणि मबरूककडे बोट केलं.

कुणाला तरी दाखवावं तसं. तो बघ, तिथे उभा आहे.

मबरूकला काही सुचेना. त्यानेही हात वर केला.

किती वेळ हात तसाच धरला त्याला आठवत नाही. खांदा भरून आला तेव्हा खाली घेतला. खाली बघितलं तर आईच्या सावलीसमोर काही नव्हतं. सासूबाई तोंडावर पदर घेऊन रडत होत्या.

तो धावत उतरला. आई ओंजळ पुसत होती. ओंजळीतलं पाणी कुठेही सांडलेलं नव्हतं. खाली वाळू कोरडी होती.

"काय झालं, आई? कोण होतं?"

त्यांनी नुसता त्याचा हात धरला, कारण आता त्यांना उभं राहवत नव्हतं. त्याने त्यांना उचलून गाडीपर्यंत आणलं. मला म्हणाला, खजुराच्या रिकाम्या टोपलीएवढंही वजन नव्हतं.

"झऱ्यावर ने," त्या म्हणाल्या.

पांढऱ्या कड्याला वळसा घालून गाडी अर्ध्या तासात झऱ्यावर पोचली. फक्त अर्धा तास. सात झाडं, पाणी, सगळं जागच्या जागी. काठावरची वाळू सपाट. तिथे कुणाचंही पाऊल नव्हतं. पाच वर्षांत लुत्फी इथपर्यंत आलाच नव्हता.

मबरूकने आईला सावलीत बसवलं, तोंडावरून पाण्याचा हात फिरवला. तेव्हा त्या बोलल्या. त्याच्याकडे न बघता.

"वाळलाय फार. ओठ फुटलेत. पाणी प्यायला."

मबरूकला हुंदका आवरेना.

"मी म्हटलं, चल बाळा घरी. मी रागावले नाही आता. तर म्हणाला, दादा सापडला का?"

"आई, नको..."

"ऐक. मी म्हटलं, अरे सापडला, तो तर त्याच रात्री घरी आला. तो बघ, वर उभा आहे, हात करतोय. त्याने बघितलं. सरळ तुझ्याकडे बघितलं रे मबरूक. तू हात वर केलेला. आणि म्हणाला, कुठे गं? मी म्हटलं, तो काय! तर म्हणाला, तिथे कुणी नाही, आई. तुला ऊन लागलंय. तू जा घरी. मी आणखी एक खूण लावतो. दादा चुकला असेल तर खुणा धरून येईल. खूण खोटं बोलत नाही."



मबरूक उठला. धावत कड्याच्या टोकापर्यंत गेला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "लुत्फी! अरे मी इथंय! मी घरी आलोय, लुत्फी! ये रे!"

कड्यावरून त्याचाच आवाज परत आला.

मग लांब, आधीपेक्षा खूप लांब...

टक्.

दिवस मावळताना दोघं घरी आले. आईला आत झोपवून मबरूक माझ्या दारात आला आणि उभ्या उभ्या त्याने मला सगळं सांगितलं. ऐकून मी त्याला मारायला हात उचलला. तीन दिवस मी पश्चिमेला त्या पोराला हाका मारत फिरलो होतो, घसा फुटेपर्यंत. पण त्याने हात आडवासुद्धा धरला नाही. "मार, दाजी," म्हणाला. मला मारता आलं नाही. आत जाऊन मी रडलो.

सासूबाई जानेवारीत गेल्या. शेवटपर्यंत मबरूकच्या हातचं जेवल्या. त्याच्याशी बोलल्या मात्र नाहीत. जायच्या आदल्या दिवशी नज्वाला म्हणाल्या, "मी त्याला पटवू शकले नाही गं. मेलेल्या पोराला आईचं पटत नाही, भावाचंच पटतं." एवढी हट्टी बाई, पण त्या एका गोष्टीपुढे हरून गेल्या.

त्यानंतर मबरूक दर महिन्याला तिकडे जायचा. एकटा. सातवीपर्यंत गाडी, पुढे पायी. हाका मारायचा. लुत्फीचा घरातला फोटो न्यायचा, ती चप्पल न्यायचा, त्याचं आवडतं गाणं म्हणायचा. दर वेळी आवाज यायचा. दर वेळी पुढून. तो जेवढा चालायचा तेवढा आवाज आत सरकायचा. आठवीपासून सुरू झालेली रांग पहिल्या वर्षी अठरावर गेली. दुसऱ्या वर्षी एकतीसवर.

एकदा मी सोबत गेलो. आवाज मी ऐकलाय. वारा नव्हता. पटावर सोंगटी आपटावी तसा स्पष्ट आवाज होता आणि मी त्या दिवसानंतर त्या बाजूला गाडी घातलेली नाही. उवैससुद्धा जात नाही, आणि उवैस कुणाच्या बापाला घाबरत नाही.

मग एका महिन्यात मबरूक गेलाच नाही. पुढच्या महिन्यातही नाही. गाडी विकली. आता खजुराच्या बागेत पाणी धरतो. मला राग आला. राग माझा अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "काय रे, कंटाळलास? एवढ्यात संपलं भावाचं प्रेम?"

तो पाण्याची दारं वळवत होता. काम थांबवलं नाही.

"दाजी, मी गेलो तरी त्याला दिसत नाही, नुसती माझी हाक पुढून घुमते. त्याला वाटतं आत कुणीतरी आहे. दादा आहे. म्हणून तो मला शोधायला आणखी आत जातो," तो म्हणाला. "मी नाही गेलो, तर असेल तिथे बसेल तरी."